उकरलेलं छप्पर

"बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. हातांनीसुद्धा नाही."

वकीलसाहेबांनी चर्चच्या कचेरीचं दार अर्धंच उघडलं होतं. त्या अर्ध्या दारातून ते खळीच्या वर उचललेल्या हातांकडे असे बघत होते, की जणू त्या हातांत चोरीचा माल होता. खळीनं हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवून दिले. शेजारी बाकावर बसलेल्या कौलकाकांनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं? तिनं नुसती मान हलवली. काही नाही.

काही नाही कसं? सांगायची गोष्ट एवढीशी, दोन मिनिटांची. आणि ती दोन मिनिटं आत्ता हातची गेली होती.

"साहेब, माझ्याच एका चुकीबद्दल…" ती उठत म्हणाली.

"जे असेल ते आत. अकरा वाजता." दार बंद.

कौलकाका जन्मापासून बहिरे. चाळीस वर्षं छपरांची कामं केली. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे बघायचे, पुन्हा चढवायची. शहरातल्या निम्म्या घरांच्या डोक्यावरून ते फिरून आले होते, म्हणून सगळे त्यांना कौलकाकाच म्हणत. खळी धंद्यानं दुभाषी. बोललेलं हातांनी सांगायचं आणि हातांनी सांगितलेलं बोलायचं. दवाखान्यात, कोर्टात, शाळेच्या पालकसभेत, जिथे बोलावतील तिथे. तिची आईही बहिरी, त्यामुळे बोलायच्या आधी तिला हात फुटले होते. 'खळी' हे नावही काकांनीच ठेवलेलं. ती पाळण्यात असताना त्यांनी स्वतःच्या गालात बोट खुपसून तिला हाक मारली, आणि तेव्हापासून हात जाणणाऱ्या सगळ्यांत ती खळीच राहिली.

आज मात्र काकांचं जे काही होणार होतं, ते तिच्या हातांवर होतं.

काकी जाऊन तीन महिने होत आले होते. काकी ऐकणाऱ्या, बोलणाऱ्या, आणि चर्चच्या. दर रविवारी त्या आत जाऊन बसत आणि काका बाहेर सायकल धरून उभे राहत. अडतीस वर्षं. लोकांना वाटायचं, नास्तिक आहे बिचारा. नास्तिक कसला! आत जाऊन करायचं काय? ओठ हलतात, माणसं उठतात, बसतात, डोळे मिटतात, आणि सांगणारं कुणी नाही. चर्चचं छप्पर मात्र तीनदा त्यांनीच दुरुस्त केलं होतं. काकी म्हणायच्या, आमचं चर्च वरून पाहिलेला माणूस एकटा हाच.

काकींना चर्चच्या मागच्या दफनभूमीत जागा मिळाली होती, भिंतीजवळ. शेजारची जागा काकांना हवी होती. नियम असा, की जोडीदारासाठी ती तीन महिने राखून ठेवायची. तेवढ्यात तो बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आला तर त्याची, नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाची. तीन महिने येत्या शनिवारी भरत होते. आणि बाप्तिस्म्याआधी मंडळीचे तीन पंच प्रश्न विचारणार. तिघांचं एकमत झालं तरच होकार.

सहा आठवडे चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, काकांना शिकवलं आणि खळीनं ते हातांनी सांगितलं. तिला स्वतःला शास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी पाळकसाहेब भरभर बोलून गेले, परुशी, जकातदार, शब्बाथ, आणि खळीचे हात हवेत तसेच थांबले. जे डोळ्यांपुढे उभं राहत नाही ते हात काढणार कुठून?

म्हणून ती चर्चच्या वाचनालयात गेली. दुपारी, लेकीची झोप असते त्या दीड तासात. आठ महिन्यांची लेक दोन खुर्च्या जोडून त्यावर झोपायची आणि खळी शेजारी वाचायची, एक हात पुस्तकावर, एक हात दुपट्यावर. वाचनालय सांभाळायच्या एक निवृत्त बाई. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या. तिघा पंचांपैकी एक त्याच.

"शास्त्र पहिल्या पानापासून सुरू केलंस?" बाईंनी विचारलं होतं.

"हो."

"मग तिसऱ्या पुस्तकात बसकण मारशील. सगळेच मारतात. अगं, हे एक पुस्तक नाहीच, कपाट आहे. एका खणात वंशावळी, एका खणात गाणी, एका खणात कायदे, एका खणात कुणी कुणाला रागानं लिहिलेली पत्रं. कपाट कुणी पहिल्या खणापासून वाचतं का?"

"मग काय करू?"

"जे उघडशील त्याला चार प्रश्न विचार. कुणी लिहिलं, कुणासाठी, कधी, आणि लिहिणाऱ्याच्या खिडकीतून काय दिसत होतं. उत्तर मिळेलच असं नाही. नाही मिळालं तर 'माहीत नाही' म्हणायचं. मी वर्गात निम्मा वेळ तेच म्हणायचे. पोरांना वाटायचं, बाई विनयशील आहेत."

त्या सहा आठवड्यांत खळीला किती काय नवं कळलं! येशू बोलला एका भाषेत आणि त्याची हकिगत लिहिली गेली दुसऱ्या, ग्रीक भाषेत. मध्ये काही दशकं ती नुसती तोंडोतोंडी फिरत होती. शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, ग्रंथात आधी छापलेली असली तरी त्यांच्यामागून येणारी बरीचशी पत्रं त्यांच्याआधी लिहिलेली. चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं ते बहुतेक सगळ्यात जुनं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. रोमी शिपाई रस्त्यातल्या कुणालाही ओझं उचलायला लावू शकायचे. जकातदार म्हणजे परक्या सत्तेसाठी आपल्याच माणसांना पिळणारा, म्हणून त्याच्या पंगतीला बसणं एवढं लागायचं लोकांना.

"म्हणजे मध्ये दुभाषी होते?" तिनं विचारलं.

"होते की. तुझ्याच धंद्यातले. नाव एकाचंही राहिलं नाही."

खळी बाळाच्या वजनाच्या कार्डामागे हे सगळं लिहून ठेवायची. कार्ड भरलं. मग लसीकरणाचा कागद भरला.

आणि काल, शनिवारी दुपारी, बाईंनी एक जाड पुस्तक पुढे केलं. त्या काळच्या त्या देशातल्या घरांची चित्रं. खळीनं पान उलटलं आणि पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं.

चित्रातल्या घराचं छप्पर सपाट होतं. आडवी लाकडं, त्यांवर फांद्या आणि काटक्या, त्यांवर चोपून बसवलेली माती. बाहेरून जिना. वर कपडे वाळत टाकलेले, एक बाई धान्य निवडत बसलेली.

तिसऱ्या आठवड्यात पाळकसाहेबांनी एक गोष्ट सांगितली होती. एका लुळ्या माणसाला त्याच्या मित्रांनी येशूकडे आणलं, दारात माणसांची भिंत, म्हणून त्यांनी छप्पर उघडून त्याला वरून खाली सोडलं. खळीच्या हातांनी विचार न करता जे रोजचं तेच केलं होतं. दोन पंजे बोटांच्या टोकाशी जुळवून उतार काढला होता आणि कौलं एकेक करून बाजूला ठेवली होती. माणसाच्या अंथरुणासाठी चार पायांची लोखंडी खाट काढली होती. काका बघत होते, आणि मध्येच त्यांनी हाताची घडी घातली होती. त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नव्हता.

गेल्या आठवड्यात ते म्हणाले होते, "एक गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. पंचांपुढेच विचारीन." कोणती, ते सांगितलं नव्हतं. काल ते चित्र बघताना खळीला कोणती ते कळलं.

ती बाळाला कडेवर घेऊन तडक त्यांच्या घरी गेली. कुलूप. शेजारीण म्हणाली, शहराबाहेर कामाला गेलेत, उद्या तिथून परस्पर चर्चला येतील. फोन काका वापरत नसत. तो कानवाल्यांचा खेळ, म्हणायचे. आणि आज ते आले ते अकराला पाच कमी असताना, नव्या शर्टात, नखांत जुनी माती. खळीनं हात उचलले आणि वकीलसाहेबांचं दार उघडलं.

अकराचे ठोके पडले.

खोलीत एक लांब टेबल, पलीकडे तिघे. मध्ये वकीलसाहेब, उजवीकडे पाळकसाहेब, डावीकडे बाई. समोर काकांची खुर्ची. खळी वकीलसाहेबांच्या किंचित मागे बसली, म्हणजे काकांना विचारणाऱ्याचं तोंड आणि तिचे हात एकाच नजरेत दिसावेत. छाती दुधानं दाटून आली होती. बाळाची पाजायची वेळ टळत होती. आई तिला घेऊन बाहेर अंगणात बसली होती.

"सुरू करायच्या आधी मला एक सांगायचंय," खळी म्हणाली.

"दुभाषीबाई," वकीलसाहेब मागे न वळता म्हणाले, "पहिल्या दिवशी तुम्हीच आम्हाला बजावलंत ना, की खोलीत तुम्ही नसताच म्हणून? ते 'मी' म्हणाले की तुम्ही 'मी' म्हणणार, आपल्या पदरचं काही घालणार नाही, काही गाळणार नाही. मला फार आवडलं होतं ते. तसंच चालू द्या."

नियम तिचाच होता.

सुरुवातीचे प्रश्न सरळ गेले. नाव, वय, कोणी शिकवलं, काय शिकलात. काका शांतपणे हात चालवत होते आणि खळी बोलत होती. मग वकीलसाहेबांनी चष्मा काढला.

"अडतीस वर्षं तुम्ही दाराबाहेर उभे राहिलात. आणि आता, जागेचे तीन महिने संपत आल्यावर, आत यायचंय. हे जागेसाठीच ना?"

खळीनं ते जसंच्या तसं सांगितलं, 'ना'तल्या टोचणीसकट. काकांनी तिच्याकडे नाही, वकीलसाहेबांकडे बघत उत्तर दिलं.

"जागेसाठीही," खळी काकांचं बोलणं बोलली. "मी खोटं नाही बोलणार. बायकोशेजारी झोपायची सवय आहे मला. पण तेवढ्यासाठी असतं तर मी मान डोलावत सहा आठवडे काढले असते. मी प्रश्न विचारलेत. पाळकसाहेबांना विचारा, त्यांना किती पिडलं ते."

"पिडलं," पाळकसाहेब हसून म्हणाले. "एकदा तासभर. गाढवावरून."

वकीलसाहेब हसले नाहीत. "मग सांगा, जे शिकवलं ते सगळं तुम्हाला पटलं?"

अंगणातून बाळाचा आवाज आला. आधी कुरकुर, मग रडं. खळीची मान वळत होती, ती तिनं वळू दिली नाही. आईला रडं ऐकू येत नाही, पण ती बाळाला छातीशी धरते आणि रडण्याची थरथर तिला हाडांत कळते. आई आहे, खळी मनात म्हणाली. आई आहे तिथे.

काकांचे हात उठले.

"सगळं नाही. एक गोष्ट खोटी आहे."

ते वाक्य तिच्या डोळ्यांपर्यंत आलं होतं, ओठांपर्यंत यायचं होतं. मध्ये एका श्वासाएवढी जागा. त्या जागेत काय काय मावत होतं! 'एक गोष्ट समजली नाही' म्हटलं असतं तर? 'खोटी'च्या जागी 'अवघड'? कुणाला कळणार होतं? काकांना ऐकू येत नव्हतं आणि पंचांना हात वाचता येत नव्हते. काकींच्या शेजारची जागा तिच्या जिभेच्या एका वळणावर होती.

"सगळं नाही," खळी म्हणाली. "एक गोष्ट खोटी आहे."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. बाईंनी खळीकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी पेन उचललं.

"कोणती?"

आता काकांचे हात थांबेनात. आणि खळी बोलत राहिली, काकांच्या तावातावानं, कारण तोही गाळायचा नव्हता.

"छपराची. लुळ्या माणसाला छपरातून सोडला म्हणे. मी चाळीस वर्षं छपरावर काढलीत. उताराच्या कौलांवर एक माणूस चढवताना मी दहादा वासा तपासतो. आणि हे चढले चार जण, वर पाचवा लोखंडी खाटेसकट! खाट टेकवणार कुठे? उतारावर? घसरून गल्लीत गेली असती. कौलं काढायला लागले की खालच्यांच्या डोक्यात पडणार, घर माणसांनी भरलेलं, दोन तरी मेले असते. तो बरं करायला बसला होता की जखमी मोजायला? ज्यानं हे लिहिलं तो जन्मात कधी छपरावर चढलेला नाही. आणि एवढं डोळ्यांसमोरचं जो चुकतो, त्याचं बाकीचं मी कशावरून खरं मानू?"

पेन कागदावर चाललं. फार नाही, एकच ओळ.

"झालं तर मग," वकीलसाहेब म्हणाले.

"नाही झालं." हे खळी स्वतःचं बोलली, आणि नियम तिथेच मोडला. त्याच वेळी तिचे हात काकांना सांगत होते, आता खळी बोलतेय, काका नाही. "दुभाषी म्हणते, की चूक गोष्टीत नाही, माझ्या…"

"बसा!"

"उठलेच नाही मी."

"दुभाषीबाई, साक्षीदाराचं उत्तर नोंदवल्यावर कोर्टात दुभाष्यानं तोंड उघडलेलं चालतं?"

"नाही चालत," ती म्हणाली. "पण साक्षीदाराला प्रश्नच चुकीचा पोचला असेल, तर तसं सांगणं दुभाष्याचं काम असतं. कोर्टातही."

बाळाचं रडं एका सुरात चाललं होतं. बाईंनी घसा खाकरला.

"साहेब, मुद्दा बिनतोड आहे. प्रश्न पुन्हा पोचवायला हरकत काय?"

वकीलसाहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "ठीक. पण शिकवणी नको. मी शास्त्रातून वाचणार, तुम्ही तेवढंच सांगणार. एक काडी जास्त घातलीत तर मी इथेच थांबवीन. कबूल?"

"कबूल."

त्यांनी ग्रंथ ओढला, पानं उलटली. खळीला त्यांच्या खांद्यावरून दिसत होतं, आणि ते थांबले ते नेमके नको तिथे. तिसरं शुभवर्तमान. तिथे तीच हकिगत आहे, पण तिथे लिहिणाऱ्यानं स्वच्छ कौलं लिहिली आहेत. काल चित्र दाखवताना बाईंनी हेही सांगितलं होतं.

वकीलसाहेबांनी वाचलं. छपरावर चढले, कौलं काढून वाट केली. आणि खळीला शब्द दिल्याप्रमाणे कौलंच सांगावी लागली.

काकांनी दोन्ही हात पसरले. काय म्हणालो मी!

"बघा, कौलंच आहेत," खळी म्हणाली. त्यांच्या वतीनं जिंकताना तिला रडू येत होतं.

"पुस्तकात आणि तुमच्या सांगण्यात फरक दिसत नाही, दुभाषीबाई," वकीलसाहेब म्हणाले. आवाजात चीड नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

"साहेब," बाई टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं वकिली केलीत. दोन साक्षीदार हजर असताना एकालाच बोलवून केस संपवलीत कधी?"

"म्हणजे?"

"हीच हकिगत सगळ्यात छोट्या शुभवर्तमानातही आहे. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला. बघा तर खरं."

वकीलसाहेबांनी बाईंकडे असं पाहिलं, की ही शिकवणीच आहे हे त्यांना कळलंय. पण पानं उलटली. आणि वाचलं. चौघांनी त्याला उचलून आणलं. गर्दी. मग त्यांनी छप्पर उघडलं, उकरून वाट केली, आणि तो ज्या अंथरुणावर होता ते खाली सोडलं. येशूनं त्यांचा विश्वास पाहिला.

तोंडानं बोलणाऱ्याला नुसतं 'छप्पर' म्हणून सुटता येतं. हातांना तशी सुटका नाही. हातांना एक तर उतार द्यावा लागतो, नाही तर सपाटी. आणि खळीनं तर शब्द दिला होता, की एक काडी जास्त घालणार नाही. तिनं उतार काढला नाही. सपाटीही काढली नाही. एक बोट फक्त वर, डोक्याच्या वरच्या हवेकडे दाखवलं. तिथे. मग दोन्ही मुठींत कुदळ धरली आणि उकरलं. एकदा, दोनदा. हात थांबवले. अंथरुणाच्या वेळी खाटेचे पाय काढले नाहीत, नुसतं पसरलेलं काही तरी, चार कोपऱ्यांनी धरलेलं.

काका तिच्या मुठींकडे बघत राहिले.

"उकरलं?" त्यांनी विचारलं. खळीनं ते बोलून दाखवलं. "कौलं कोण उकरतो? कौलं उचलतात. उकरतात ती माती."

उत्तर द्यायची खळीला मुभा नव्हती, आणि तिनं चेहराही पाटी कोरी ठेवावी तसा ठेवला. काकांची नजर टेबलावरून उठली, भिंतीवरून वर गेली, छताला लागली. चाळीस वर्षं छपरांकडे बघायची ती त्यांची नेहमीची नजर होती. जणू पंच नव्हतेच, दफनभूमी नव्हती, एक काम आलं होतं आणि ते कसं बांधलंय एवढंच बघायचं होतं. मग त्यांचे हात हळूहळू चालू लागले.

"मातीचं छप्पर," खळी बोलत गेली. "म्हणजे सपाट. उतार दिला तर पहिल्या पावसात माती खाली. सपाट, म्हणजे खाली आडवी लाकडं, हातभर अंतरावर. त्यांवर काटक्या. त्यांवर चिखल, चोपून. मी उमेदवारीत असताना असं एक कोठार उघडलंय… वर चार जण आरामात उभे राहतात. दहा राहतील. जिना असतो बाहेरून, कारण दर वर्षी माती पुन्हा चोपावी लागते. दोन लाकडांमधली माती उकरायची, काटक्या कापायच्या, एक माणूस उतरेल एवढी वाट होते. खाली फक्त धूळ पडते. थोडी ढेकळं." त्यांनी मान हलवली. "मरत नाही कुणी. खोकतात."

बाईंनी तोंडावर हात धरला होता.

"मला उतार दाखवला तो माझ्या दुभाषीनं," काका पुढे म्हणाले. हे वाक्यही खळीलाच बोलायचं होतं, आणि मघापासून स्वतःच्या तोंडानं जी कबुली द्यायला ती धडपडत होती ती आता काकांच्या शब्दांत तिच्या तोंडातून बाहेर पडली. "तिचा राग नाही मला. पोर जन्मली कौलांखाली, मला ओळखते कौलांवरचा म्हणून. तिनं मला कळेल असं छप्पर दिलं. आणि तो दुसरा, ज्यानं कौलं लिहिली, त्यानंही तेच केलं असेल. ज्यांना सांगायचं त्यांच्या डोक्यावर कौलं असतील. माणूस खोटा नाही. छपराचा माहीतगार नाही, एवढंच."

"बरेच अभ्यासक असंच मानतात," बाई हळूच म्हणाल्या. "फक्त त्यांना त्याला शंभर पानं लागतात."

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं नव्हतं. "छपराचं मिटलं. आता खरं काय ते विचारतो. तो माणूस उठून चालला, हे मानता?"

खळीनं विचारलं. बाहेर रडणं थांबलं होतं.

"ते मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही आत्ता वाचलंत, की येशूनं चौघांचा विश्वास पाहिला. म्हणजे त्यानं वर पाहिलं. मी लोकांची छपरं उघडलीत, साहेब. खालचा माणूस वर बघतो तेव्हा आधी भोकाकडे बघतो. माझ्या घराचं काय केलंत, म्हणतो. चाळीस वर्षांत माणसाच्या तोंडाकडे आधी बघणारा मला एक भेटला नाही. हा बघतो. बायको अडतीस वर्षं आत कुणाला भेटायला जात होती, ते मला आता कळलं. त्या माणसाकडे मला जायचंय. मला चौघं मिळाली नाहीत, एकच पोरगी मिळाली. तिनं एकटीनं उकरलंय."

खळीचा आवाज 'पोरगी'वर अडखळला. तिनं वाक्य पूर्ण केलं. गाळलं नाही.

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?" वकीलसाहेबांनी विचारलं. "शनिवारी जागा दुसऱ्याला गेली तर?"

"तर वाईट वाटेल. फार. पण पुढच्या रविवारी मी येईनच. बाकडं बाहेर आहे, आतही असेल. मला एक विचारायचं राहिलंय."

"काय?"

"ते भोक मग बुजवलं कुणी?"

वकीलसाहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं. पुढच्या ओळी वाचल्या, पान उलटलं, परत मागे आले. पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी खांदे उडवले. बाई म्हणाल्या, "माहीत नाही," आणि ते त्यांनी अशा थाटात म्हटलं, की अख्खा वर्ग समोर बसलाय.

"तीस वर्षं मी हे वाचतोय," वकीलसाहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मघाची ओळ त्यांनी खोडली. सरळ, एका रेघेत. तिच्याखाली काही लिहिलं, सही केली आणि कागद उजवीकडे सरकवला. पाळकसाहेबांची सही. मग डावीकडे. बाईंनी सही करण्याआधी वकीलसाहेबांनी लिहिलेली ओळ वाचली, आणि चष्म्यावरून खळीकडे बघून पापणी मिटली.

"शुक्रवारी संध्याकाळी बाप्तिस्मा," वकीलसाहेब म्हणाले. "शनिवारच्या आत. जागेचा कागद मी स्वतः करून ठेवतो. आणि त्यांना म्हणावं, की या खोलीच्या खिडकीच्या वर, छताला ओल येते. ती त्यांनी मघाच पाहिली असणार."

खळीनं सांगितलं. काकांनी छताच्या कोपऱ्याकडे बोट केलं. पाहिली होती.

अंगणात आई उभी होती. रडून लाल झालेलं बाळ तिच्या खांद्यावर हुंदके देत होतं. खळी लेकीला घेऊन दुपट्याआड पाजायला बसली. हात अडकले होते, म्हणून आईला तिनं डोळ्यांनीच सांगितलं. झालं. आईनं काकांच्या पाठीवर एक चांगलीशी थाप मारली.

काकांनी टोपी डोक्यावर चढवली. काकींच्या भिंतीकडे एकदा बघून घेतलं. मग खळीसमोर उकिडवे बसले आणि बाळाच्या डोक्यावर, एक वीत वर, आपला राठ तळवा आडवा धरला. सपाट. दुसऱ्या हाताची बोटं त्याखाली आडवी केली, ही लाकडं. मग वरून मूठ चोपली, ही माती.

असं, ते म्हणाले. पुढच्या वेळी हात उचलायच्या आधी मला विचारत जा.

बाळानं दूध सोडलं, वर पाहिलं आणि त्या छपराचं एक लाकूड मुठीत पकडून ओढलं.